अक्कांना ऐकू आलेला पियानो

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी आधी हसतो. अजूनही हसतो... फक्त हा एक प्रसंग सोडून.

जुळे सोलापुरात आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, मी आणि बाबा. बाबांकडे जॅझची एक जुनी रेकॉर्ड आहे. नुसता पियानो, ना चाल ना ताल! पुढच्या कितीतरी पियानोवाल्यांना या रेकॉर्डनं नवी वाट दाखवली, असं बाबा कौतुकानं सांगतात. खालच्या लक्ष्मीअक्का मात्र वैतागून वर यायच्या, "काका, भांडी पडल्यासारखं वाटतंय की! बंद करा ते."

गेल्या उन्हाळ्यात रेकॉर्ड प्लेअर बिघडला. माझी नोकरी मोहोळला. तिथं ओळखीचा मेकॅनिक आहे, म्हणून प्लेअर गाडीत टाकून नेला. दुपारी अक्कांचा फोन — "दादा, लगेच या. काका स्वयंपाकघरात पडलेत. हॉस्पिटलला नेतोय."

बाबांना डायबेटिस. इन्शुलिन घेतलं आणि जेवायचं राहिलं... शुगर एकदम खाली. मी पोचलो तेव्हा सलाईन चालू होतं. बाबा डोळे उघडून म्हणाले, "ऑफिस सोडून कशाला आलास?" मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसलो.

"आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं," डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर अक्का बसल्या होत्या. त्यांना विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"कळलं कुठं? भांडायला गेले की मी! पियानो लई जोरात चालला होता. दार वाजवलं, उघडेना. मग तुमी दिलेली किल्ली आणली. दार उघडलं तर आवाज बंद... आन् काका खाली पडलेले."

"अक्का, प्लेअर तर माझ्या गाडीत आहे."

त्या उठून माझ्याबरोबर गाडीपर्यंत आल्या. प्लेअर मागच्या सीटवरच होता.

घरी येऊन पाहिलं. रेकॉर्ड कपाटात, कव्हरमध्येच. बाबांचा मोबाईल साधा, बटणांचा. लाईट तर सकाळपासूनच नव्हती. आजूबाजूच्या सगळ्यांना विचारलं, कुणीच काही ऐकलं नव्हतं. बाबांनाही फक्त डोळ्यांपुढं अंधारी आल्याचं आठवतं. अक्कांना भास झाला म्हणावं, तर नेमका त्याच वेळी?

मित्रांनी बरेच तर्क लढवले. मला एकही पटला नाही, आणि खरं सांगू... आता मी शोधतही नाही. कारण सापडलं नाही, पण बाबा वेळेवर सापडले.