आईचं बेचाळीस वर्षं उशिराचं डोहाळजेवण

माझं मनगट कॅल्शियमच्या गोळ्यांनी मोडलं. थाप वाटेल, पण झालं ते असंच. तारापूरच्या एका औषधाच्या कारखान्यात मी अठरा वर्षं पॅकिंगला आहे. त्या दिवशी फळीवरून उतरवताना गोळ्यांचा खोका निसटला, तो सावरायला गेले आणि मनगटात कट्‌ असा आवाज आला. खोक्यावर एक हसरी बाई होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, ‘मजबूत हाडांसाठी’. सालवडहून येणारा आमचा सुपरवायझर धावत आला. त्यानं आधी खोका तपासला, मग मला. “इतने साल में एकाध गोली खुद भी खा लेती!” म्हणाला. मला इतकी चीड आली की क्षणभर दुखायचं राहून गेलं.

पालघरला हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घातलं, वर आणखी तपासणी केली आणि सांगितलं की माझी हाडं वयाच्या मानानं फारच ठिसूळ आहेत. मी बेचाळीस वर्षांची. सोबत आई आली होती, अडुसष्ट वर्षांची. नवापूरहून बोईसरच्या बाजारापर्यंत सगळा जन्म डोक्यावर माशांची पाटी वाहिलेली. दवाखान्याच्या जिन्यावर तीच मला दंडाला धरून चढवत होती, म्हणून पेशंट कोण आणि सोबत कोण, हे बाकावरच्या लोकांना उमगत नव्हतं.

“असं कशानं झालं?” आईनं विचारलं.

बाई तरुण होत्या, समजावून सांगायची हौस असलेल्या. त्यांनी भिंतीवरचा बटणांचा बोर्ड दाखवला. म्हणाल्या, आईबापाकडून आलेली जनुकं म्हणजे घरातलं वायरिंग, ते बदलत नाही. पण कुठलं बटण चालू राहायचं, कुठलं बंद, ते परिस्थितीनं बदलू शकतं. पोटात असताना आईची उपासमार झाली, अंगमेहनत फार पडली, पुढे जन्मभर ओढाताण, कोंदट जागेत काम, ऊन नाही, तर हाडं घडवणाऱ्या काही बटणांवर चिकटपट्टी बसू शकते. “अजून अभ्यास चालू आहे. तुमच्या मुलीचं असंच झालं, असं मी म्हणत नाही,” हे त्यांनी दोनदा सांगितलं.

“पट्टी लावली कोनी?” आई म्हणाली.

“कोणी नाही हो आजी. परिस्थितीनं.”

“तवा परिस्थिती मीच व्हते ना?”

बाईंनी पेन उचललं. त्यांनी मला दूध, नाचणी, ऊन आणि औषधं लिहून दिली.

घरी आल्यावर तिनं मला कधी न सांगितलेलं सांगितलं. माझ्या वेळी तिला पापलेटाचे डोहाळे लागले होते. रोज पाटीत पापलेट असायचं, पण ते विकायचं. विकायची मोठी मासळी घरात शिजवायची नाही, ही आमची रीत. वडिलांची होडी त्या वर्षी फुटलेली. दिवसातून एकदा भात आणि काळा चहा, यावर ती नववा महिना भरेपर्यंत बाजारात बसली. डोहाळजेवण कुणी केलं नाही. “तुजा हात मीच मोडला,” ती म्हणाली आणि रडली. मी तिला चिकटपट्टीचं सगळं पुन्हा समजावलं, डॉक्टरीणबाईंपेक्षा मोठ्या आवाजात. उपयोग शून्य. चार दिवस तिनं धड खाल्लं नाही. माझं मनगट राहिलं बाजूला, मला तिचीच काळजी लागली.

पाचव्या दिवशी तिनं जाहीर केलं की पट्टी पोटात बसली, तर ती पोटातूनच निघणार. राहिलेलं डोहाळजेवण आता करायचं.

हिरव्या साडीत बसायचं कोणी, यावर गल्लीत दोन दिवस वाद झाला. काहींचं म्हणणं, हाडं पोरीची, तिलाच बसवा. शेवटी शेजारच्या मावशीनं निकाल दिला, “भूक आयला लागली व्हती. पोर तर आत व्हती. आयलाच बसवा.” वडील तिकडे ओट्यावर जाळं विणत बसले होते. येणारा-जाणारा त्यांचं अभिनंदन करायचा. “या वयात? कमाल हाय तुमची!” त्यांनी दोन दिवस बाहेर पडणं सोडलं.

मी रागावले होते. अठरा वर्षं औषधाच्या कारखान्यात काढून घरात हे! पण आई हिरवी साडी नेसून, गजरा माळून पाटावर बसली, तिच्या दंडांवर फुलांचे बाजूबंद बांधले, आणि ती लाजली. माझी आई लाजताना मी पहिल्यांदा बघितली. माझा राग तिथंच विरघळला. बायकांनी ओटी भरली. मग दोन झाकलेल्या वाट्या आल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आईनं खरोखर विचार करून एक वाटी उघडली. बर्फी.

“पोरगी हाय गो!” मावशी ओरडली. सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मला एका हातानं टाळी वाजवता येईना, म्हणून मी प्लास्टर मांडीवर आपटलं.

मग पान वाढलं. मधोमध अख्खं तळलेलं पापलेट. आईच्या बोटांनी सवयीनं मधला जाड तुकडा मोडला आणि हात माझ्या पानाकडे निघाला. मावशीनं तिच्या हातावर चापट मारली. “तूच खा. ती आत हाय.”

आईनं तो तुकडा तोंडात घातला. डोळे मिटून सावकाश चावला. गिळून झाल्यावर तिनं डोळे उघडले आणि थेट मला विचारलं,

“पोचला का गो?”

हाडांना काय पोचतं, कधी पोचतं, काय पोचायचं कायमचं राहून जातं, हे त्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट सांगितलं होतं. मी डावा हात पोटावर ठेवला.

“पोचला, आये.”

तिनं माझ्या पोटावरच्या हाताकडे बघितलं. मग मान खाली घालून उरलेला मासा संपवला, काटे पानाच्या कडेला नीट रचले, आणि पान पुढे सरकवून म्हणाली, “आनखी एक हाय का?”

माझ्या आईनं स्वतःसाठी आणखी मागितलेलं मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं.