मोठं पुस्तक की छोटं

"गुरुजी, कोनतं लेऊ?"

असं विचारताना ती दोन हातांत दोन पुस्तकं धरून तराजूसारखी खालीवर करायची. उजव्या हातात जाडजूड पदार्थविज्ञान-रसायन, डाव्यात सडपातळ सामान्य विज्ञान. उत्तर काहीही दिलं तरी हात थांबत नसत. धास्तावलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण इतकी नेमाने धास्तावणारी मी दुसरी पाहिली नाही.

ती कळसाडीची, गुजर शेतकऱ्याची मुलगी. सातवीनंतर शाळा सुटलेली. खांडबाऱ्याला मामाकडे राहून बाहेरून एसेस्सीला बसायचं म्हणत होती, आणि शेजारचा मास्तर म्हणून मी आयता सापडलो. तिला पुढे सायन्स कॉलेजला जायचं होतं. त्याला मोठं पुस्तक हवं. छोटं घेतलं तर पास होणं सोपं, पण सायन्सचं दार बंद. वडिलांनी मुलगा पाहून ठेवला होता आणि बजावलं होतं, "एक डाव बठी ले. नापास व्हयनी ते लगन."

मी छोटंच घे म्हणालो. खरं सांगतो, तिच्याइतकीच भीती मला वाटत होती. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभी. बायको म्हणे, हिच्यापायी तुमचंच डोकं फिरेल.

त्या साली आखाजीला ती गावी गेली. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकीबाळींचा सण, लिंबाला झोके आणि झोक्यांवर गाणी. मोठ्या पुस्तकात लिहिलं होतं की लंबकाला वजन कितीही बांधा, एका हेलकाव्याला वेळ तेवढाच लागतो. हे वाक्य तिने पाठ केलं होतं, पण त्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिने झोक्यावर आधी किरकोळ चुलतबहिणीला बसवलं, मग थोराड काकीला. पाय मारायचे नाहीत, गाणं म्हणायचं नाही. स्वतः नाडीवर बोट ठेवून हेलकावे मोजत राहिली. खांडबाऱ्याला पोरीला काहीतरी बाधलं, असं बायकांत ठरलं.

परत आली ती सरळ माझ्याकडे.

"काकी कितली जाडी शे, पन झोका तितलाच येळ लेस. पुस्तक खोटं बोलत नही. मी मोठंच लिसू."

भीती गेली का, असं मी विचारलं.

"ती ते शेच."

छोटं पुस्तक तिने माझ्या फळीवर ठेवलं. "नापास व्हयनू ते लागी." नापास झाली तर पुस्तक नव्हे, शालू लागणार होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या साली निकालाचं वर्तमानपत्र दुपारच्या गाडीने आलं. ती दाराआड उभी राहिली आणि मला वाचायला लावलं. मी एकेका आकड्यावरून बोट सरकवत गेलो. नंबर होता. वडील आले, त्यांनी तो नंबर माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. मग म्हणाले, "पोरीले जबान दिधी शे." कॉलेजला निघायच्या दिवशी तिची ट्रंक त्यांनी स्वतः स्टेशनवर नेली.

त्यामुळे गाडी आली तेव्हा तिचे दोन्ही हात रिकामे होते, आणि तरी खालीवर होत होते.

"गुरुजी, जमी का?"

मी हो म्हणेपर्यंत गाडी हलली.

छोटं पुस्तक अजून माझ्या फळीवर आहे. ते मागायला ती कधी आली नाही. रोज दारात येणारं माणूस आलं नाही याचा इतका आनंद होईल असं मला वाटलं नव्हतं. संध्याकाळी दाराकडे नजर मात्र जातेच.