भुवनाने टाकून दिलेला तारा

भुवनाला तुम्ही ओळखत नाही. तंजावुरातही फारसं कोणी ओळखत नाही. मेडिकल कॉलेज रोडवरून सकाळी पावणेनऊला राखाडी स्कूटरवर, पदर कमरेला घट्ट खोचून जाणारी शेहेचाळीस वर्षांची बाई, एवढीच तिची गावाला ओळख. बावीस वर्षं ती मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि फावल्या वेळात सूर्याच्या वीसपट वजनाचे तारे जन्माला कसे येतात ते शोधते. फावला वेळ म्हणजे स्वयंपाक उरकल्यावर आणि स्कूटर काढण्याआधी मिळणारा दीड तास. कुठल्या बाईला ह्याहून जास्त मिळतो?

मी वसुमती, तिची शेजारीण. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. तिची सासू कृष्णवेणी माझी शाळेपासूनची मैत्रीण. आम्ही अस्के, म्हणजे तुमच्या भाषेत सगळे, तंजावुरच्या मराठा राजांच्या काळापासूनचे इथले मराठी. घरात मराठी, दारात तमिळ, कॉलेजात इंग्रजी. देवनागरी मी चाळिशीत शिकले, तेव्हा माझ्या चुका संपादकांनी निस्तराव्यात, वाचकांनी मला पत्रं लिहू नयेत.

भुवनाचं माहेर पापनाशमचं. तिथे सोवळं असं कडक की कृष्णवेणीचं सोवळं त्यापुढे पोरखेळ. गच्चीवर धोतर पसरून वडाम, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या कुरडया, वाळत घातल्या आणि एका कडेला कावळ्याचं पाऊल उमटलं, तर कृष्णवेणी तेवढ्या पाच-सहा काढून टाकते. भुवना अख्खं धोतर कचऱ्यात झटकते. ‘संशय आला की टाकायचं’ हा तिच्या माहेरचा कायदा. ती मंत्र म्हणत नाही, उपास करत नाही, देवळातही चार महिन्यांतून एकदा जाते. पण हा कायदा तिच्या हाडात मुरलेला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

ताऱ्यांचा नाद तिला एकोणचाळिसाव्या वर्षी लागला. शिक्षकांच्या एका वर्गासाठी पुण्याकडे गेली होती, तिथे तिला कळलं की मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणींनी केलेली निरीक्षणं वर्षभरानंतर सर्वांना खुली होतात. कुणीही उतरवून घ्यावीत, अभ्यास करावा. परत आली ती मला अंगणातच गाठून म्हणाली, “मावशी, फुकट पडलंय हो आकाश! कोणी घेईनासं झालंय!”

मग अर्धवेळ पीएच.डी.ला नाव घातलं. परदेशातल्या एका दुर्बिणीने ताऱ्यांमधल्या वायूच्या एकाच ढगाची दोन वर्षांत अकरा वेळा केलेली निरीक्षणं तिने निवडली. कॉलेजच्या इंटरनेटवरून ती उतरायला चार दिवस लागले. ते चार दिवस तिने कॉम्प्युटरला ‘स्विच बंद करणाऱ्याच्या हाताला फोड येतील’ अशी तमिळ चिठ्ठी चिकटवली होती. प्रिन्सिपॉलसुद्धा त्या खोलीत हात मागे बांधून शिरत.

आता तारे. मला समजले ते सांगते, आणि मला समजले म्हणजे कोणालाही समजतील. लहान ताऱ्याचं सोपं आहे. वायूचा ढग स्वतःच्या भाराने आत कोसळतो, तापतो, पेटतो. मोठ्या ताऱ्याची गोष्ट बिकट. तो अर्धा वाढतो तोच इतका प्रखर होतो की त्याचाच उजेड आत येणाऱ्या वायूला बाहेर ढकलू लागतो. मग उरलेलं अंग तो भरतो कशाने? शिवाय ही बाळं जाड धुळीच्या गर्भात असतात. साध्या दुर्बिणीला तिथे नुसता अंधार. रेडिओ लहरी मात्र धुळीतून आरपार येतात. पुष्कळ जाणकारांचं म्हणणं असं की बाळाभोवती वायूची तबकडी फिरत असते आणि बाळ तिच्यातून मधूनच मोठमोठे घास घेतं. घास घेतला की आलेखावर भोवतालच्या मिथेनॉलची एक बारीक, टोकदार रेडिओ रेघ एकदम उजळते.

“मिथेनॉल म्हणजे?” कृष्णवेणीने विचारलं होतं.

“एक प्रकारचं अल्कोहोल, अम्मा.”

“अय्यो! आकाशात दारू?”

“पिण्याची नव्हे हो. ही प्यायली तर माणूस मरतो.”

“मग बरं,” म्हणत कृष्णवेणीने डाळ निवडायला घेतली.

भुवनाच्या बाळाने मात्र घास घेतला नव्हता. अकराही निरीक्षणांत रेघ एकसारखी, मंद. ‘हा तारा शांत आहे’ असा निबंध तिने परदेशी मासिकाला पाठवला. तिच्या विद्यापीठाचा नियम असा की एक निबंध स्वीकारला गेल्याशिवाय प्रबंध दाखल होत नाही. मुदत दोनदा वाढवून झाली होती. आता शेवटची तारीख अठ्ठावीस जून. ती चुकली की नोंदणी रद्द आणि सात वर्षांचे सकाळचे दीड-दीड तास पाण्यात.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी मी त्यांच्या ओसरीवर कॉफी पीत होते. भुवना फोन घेऊन बाहेर आली. मासिकाच्या परीक्षकाचं पत्र आलं होतं. निबंध बरा आहे, फक्त एक प्रश्न: चौथ्या निरीक्षणातला एक तृतीयांश भाग तुम्ही वगळलेला दिसतो, तो का?

“का गे?” मी विचारलं.

“भेसळ होती, मावशी. मोबाइलचे टॉवर, सॅटेलाइट, ह्यांचा आवाज ताऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. तो दुर्बिणीत शिरतो. म्हणून मी नियमच केला होता, अमुक उंचीच्या वर जे जाईल ते टाकायचं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचंही टाकायचं.”

“मग लिही तसं.”

“गाइडही फोनवर तेच म्हणाले. ‘इंटरफिअरन्स’ एवढा एक शब्द लिही, आठवड्यात स्वीकारतील.”

कृष्णवेणी दाराशी बसून फुलं ओवत होती. मान वर न करता म्हणाली, “टाकलंस ते पाहून टाकलंस की तसंच?”

“अम्मा, ते कॉम्प्युटर टाकतो.”

“कॉम्प्युटरला कावळा दिसला होता?”

मला हसू आलं. भुवनाला आलं नाही. तिने कॉफीचा पेला डवऱ्यात, म्हणजे खालच्या पसरट वाटीत, ठेवला, म्हणाली, “एक शब्द लिहिला तर डिग्री मिळते, अम्मा. उघडून पाहिलं आणि भलतंच निघालं तर अकराही निरीक्षणं पुन्हा करायला लागतील. सव्वीस दिवसांत!”

“मी कोठे पाहा म्हटलं? मी विचारलं फक्त.”

असली विचारणारी सासू कोणालाच नको. भुवना आत गेली आणि कॉफी तशीच गार झाली.

टाकलेलं खरं म्हणजे टाकलेलं नसतं, हे मला तेव्हा कळलं. कॉम्प्युटर त्यावर ‘हे धरू नका’ अशी नुसती खूण करतो. खूण पुसली की माल जागच्या जागी. भुवनाने त्याच सकाळी चौथ्या निरीक्षणाच्या खुणा पुसल्या. तीन दिवस ती जेवायचीही कॉम्प्युटरसमोरच. बुधवारी कॉलेजातून आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात, चपला पायात! माझ्याकडे सोवळं नाही, पण भुवनाने चपला घालून स्वयंपाकघरात शिरणं म्हणजे मीच पोळी टाकून उभी राहिले. तिच्या हातात आलेख काढलेले कागद होते.

“मावशी, ही पाहा रेघ. केवढी आहे! मी हिला टॉवर समजले.”

“आणि टॉवर नाही कशावरून?”

“सांगते. दुर्बीण एकटक ढगाकडे पाहत नाही. दर काही मिनिटांनी तिचं तोंड एका ओळखीच्या, स्थिर बिंदूकडे वळवतात. श्रुती तपासतात तसं. तिथे वळली की रेघ गायब. ढगाकडे वळली की हजर. पुन्हा तिकडे, गायब. तेवीस वेळा! टॉवर काय दुर्बिणीचं तोंड पाहून बोलतो?”

मला हे पटलं. झाडाची फांदी हलली की वारा आहे म्हणावं. पण एकच फांदी हलते आणि शेजारची हलत नाही, तर तिथे पक्षी आहे.

“अजून आहे,” ती म्हणाली. “पाचव्या निरीक्षणात ती उतरलेली, सहाव्यात आणखी खाली. माझ्या नियमाने पाचव्याचाही शेंडा छाटला होता, आणि सहाव्यात जरा वर दिसली ती मी चूक समजून सरासरीत बुडवली. मावशी, बाळाने घास घेतला होता हो! मोठा घास! आणि मी तो...”

“कचऱ्यात झटकलास.”

“झटकला,” ती म्हणाली आणि माझ्या ओट्यावर डोकं टेकून इतकी हसली की मला आधी वाटलं रडतेय. पोळी जळली. जळू दे म्हटलं.

पण आनंद एकीकडे, कॅलेंडर दुसरीकडे. ‘तारा शांत आहे’ असं म्हणणारा निबंध आता नेमका उलटा लिहायचा होता. गाइडने कपाळाला हात लावला असणार. फोनवर ते नुसतं “सरी, सरी” म्हणाले, म्हणजे बरं बाई, कर. भुवनाने कॉलेजात दहा दिवसांची रजा टाकली. स्वयंपाकघर कृष्णवेणीने आणि मी वाटून घेतलं. दोघींचे मिळून एकशे त्रेपन्न वर्षांचे हात. सांबारात मीठ दोनदा पडलं, एकदा मुळीच नाही. भुवनाचा नवरा कार्तिक बँकेत अधिकारी आहे, तो मुकाट जेवला. मुलगी अखिला पंधरा वर्षांची. ती आमची मराठी ऐकते आणि उत्तर तमिळमध्ये देते. तिने मात्र रोज मार्क दिले: काल दहापैकी चार, आज सहा.

भुवना अकराही निरीक्षणं पुन्हा गाळत बसली. ह्या वेळी नियम वेगळा होता. कॉम्प्युटरने संशय घेतला की ती स्वतः उघडून पाही, मगच टाकी. मी मधूनच डोकवायची.

“हे काय टाकलंस?”

“हा सॅटेलाइट. ओळखीच्या बिंदूकडे वळल्यावरही ओरडतोय, पाहा.”

“आणि हे ठेवलंस?”

“ह्याच्याविरुद्ध पुरावा नाही.”

वकिलीणच झाली होती. सतरा जूनला नवा निबंध गेला. सोबत परीक्षकाला तिने सरळ लिहिलं की तुम्ही विचारलंत तो भाग मी न पाहता वगळला होता, चूक माझी, आणि त्यामुळे माझा निष्कर्षही चुकला होता. मी म्हटलं, एवढं उघडं कशाला? ती म्हणाली, “त्यांनी विचारलं म्हणून सापडलं, मावशी. आता त्यांच्यापासूनच काय लपवू?”

मग वाट पाहणं आलं. बावीस तारीख गेली. पंचवीस गेली. उत्तर आलंच तर धावपळ नको म्हणून प्रबंधाच्या चार प्रती बांधून घेतल्या होत्या, त्या सोफ्यावर पाहुण्यासारख्या बसून होत्या. सत्तावीसला मी कृष्णवेणीला हळूच म्हटलं, “नाही आलं तर काय गे?”

“नाही आलं तर नाही आलं. तारा कोठे पळतो?” असं ती म्हणाली खरी, पण हार ओवता ओवता तिने त्यात चार कळ्या उलट्या घातल्या.

अठ्ठावीस तारीख, शुक्रवार. भुवनाला पुरवणी परीक्षेवर देखरेख होती, दहा ते एक. हॉलमध्ये फोन नेता येत नाही, म्हणून तिने तो घरीच अखिलाकडे ठेवला. साडेदहाला अखिला किंचाळत बाहेर आली, आणि जन्मात पहिल्यांदा मराठीत: “आलं! घेतलं त्यांनी! अस्कं घेतलं!”

विद्यापीठ तिरुचीला. तिथलं दप्तर, म्हणजे कचेरी, पाचला बंद. मी आणि कृष्णवेणी पत्राची छापील प्रत आणि चारही प्रबंध घेऊन ऑटोने कॉलेजवर पोचलो. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, परीक्षा चालू आहे, आत सोडता येत नाही.

“मी ह्या कॉलेजात तू जन्मायच्या आधीपासून शिकवत होते,” मी म्हटलं. ते खोटं होतं. मी दुसऱ्या कॉलेजात शिकवत होते.

“भुवना टीचरच्या घरून?” त्याने विचारलं. “कोणी वारलं का?”

“जन्मलं,” कृष्णवेणी म्हणाली. त्याने फाटक उघडलं.

हॉलच्या खिडकीच्या गजांतून आम्ही दोघी दिसलो तेव्हा भुवना बाकांच्या मधून फिरत होती. मी कागद वर धरला. कृष्णवेणीने दोन्ही हात वर केले, एका हातात प्रबंध. भुवनाने पाहिलं. तोंडावर हात ठेवला. मग तिने काय केलं? वळली आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीच्या मांडीवरची चिठ्ठी काढून घेतली! आनंदातही तिची नजर शाबूत होती. पण चिठ्ठी उलगडून नीट वाचली, आणि परत दिली. “हॉल तिकीट होतं,” नंतर म्हणाली.

एक वाजता तिने उत्तरपत्रिका मोजून दिल्या, आणि आम्ही तिघी नव्या बसस्टँडवरून तिरुचीची बस धरली. मला खिडकी मिळाली नाही, ह्याची नोंद असू दे. चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही दप्तरात उभ्या. कारकून वयस्क, चष्मा नाकाच्या टोकाला. त्याने चारही प्रती उलटसुलट केल्या, पत्र वाचलं, सह्या तपासल्या, शिक्का शाईवर दाबला आणि तसाच हातात धरून विचारलं, “काय आहे हे, मॅडम?”

“एक तारा जन्माला येतोय, सर. वाढता वाढता त्याने मोठा घास घेतला. ते मला सापडलं.”

“कधी घेतला?”

“सहा हजार वर्षांपूर्वी. तिथून उजेड यायलाच एवढी वर्षं लागतात.”

कारकुनाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आम्हा तिघींच्या घामाने भिजलेल्या तोंडांकडे.

“सहा हजार वर्षं,” तो म्हणाला. “आणि शेवटच्या दिवशी, शेवटच्या अर्ध्या तासात आणलंत?”

“तरी लवकरच आणलं हो,” भुवना म्हणाली. तो हसला आणि त्याने शिक्का मारला. एकदा नाही, चार वेळा, प्रत्येक प्रतीवर, असा जोरात की टेबलावरचा चहा सांडला.