डिग्नाने पुसलेली प्रभावळ

अँटवर्पमधली डिग्ना व्हान मेरबेक ही विधवा तांब्याच्या पत्र्यावर संतांची चित्रं कोरून छापत असे. ज्याची चित्रं सर्वांत जास्त खपत, तो पत्रा मात्र नवऱ्याने मरण्याआधी कोरलेला होता. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना वारलेली त्याच शहरातली एक नन आणि तिच्या डोक्यामागे किरणांची प्रभावळ, असं ते चित्र होतं. १६३४ साली रोमहून हुकूम आला, की चर्चने संत न ठरवलेल्या कुणाला प्रभावळ दाखवायची नाही. चित्रं तपासणाऱ्या फादर हुबर्टस यांनी तिला आठवडा दिला. तोवर किरण गेले नाहीत, तर पत्रा जप्त होणार होता.

डिग्नाने किरण खरवडून काढले. पण त्या जागी खळगा पडला, त्यात शाई साचली आणि छापल्यावर डोक्यामागे काळपट डाग उमटला.

"बाईच्या मागे चूल धुमसतेय की काय गं?" छापयंत्राचं चाक फिरवणारा म्हातारा लीवेन म्हणाला.

"तू आपलं चाक फिरव."

दोन दिवस बसून तिने डागाभोवती दाट रेघा कोरल्या आणि तिथे अंधारी भिंत उभी केली. चेहऱ्याला हात लावला नाही.

फादर हुबर्टस यांनी चित्र खिडकीपाशी नेलं. "किरण गेले खरे, पण चेहरा आधीपेक्षा उजळ दिसतोय. इथे काय कोरलंस?"

"काहीच नाही, फादर. तो कोरा कागद आहे."

त्यांनी हुकूम पुन्हा वाचला. कोऱ्या कागदाविषयी त्यात काही नव्हतं. त्यांनी सही केली.

रेघा पार झिजेपर्यंत डिग्ना तो पत्रा छापत राहिली.