दत्तूचं अस्तर

माफ करा, ग्रुपवर लिहायला उशीर झाला.

माझा धाकटा भाऊ दत्तू अस्तर फाटून गेला. परवा वर्ष झालं.

मी सातवी शिकलेला शिंपी, मुकुंदवाडीत दुकान. तो शाळेत सायन्स शिकवायचा. हृदयाचा आजार झाला तरी शिकवणं सुटलं नाही.

हॉस्पिटलात बेडवर बसून म्हणाला, "दादा, तुझ्या भाषेत सांगतो. पेशीच्या आत केंद्रक असतं. त्यात डीएनएचा लांबच लांब दोरा. पण गुंता नसतो. केंद्रकाला आतून प्रोटीनचं अस्तर असतं, लॅमिन म्हणतात. दोरा त्याला जागोजागी टाचलेला."

"सगळा?"

"नाय. ज्याचं काम नाही तो भाग कडेला टाचून गप्प ठेवलेला. कामाचा बराचसा मधे, मोकळा."

"आणि तुझं?"

"माझं अस्तर जन्मापासून कच्चं. टाके निघतात. गप्प बसायचे ते भाग बोलायला लागतात."

"मग हृदयालाच का?"

"कोट आधी कुठं फाटतो?"

"काखेत."

"व्हय. सारखी ओढ असते तिथं."

मग हळू म्हणाला, "हे घरात उतरतं. वैशूची टेस्ट करा. तू पण कर."

वैशू, त्याची मुलगी, तिथंच उभी होती. मी लई घाबरलो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "कोट अंगावर नीट बसलाय तर अस्तर उसवून कोण बघतं?"

वैशू हसली.
दत्तू हसला नाही.

वैशू आता पुण्याला असते. रक्त दिलं, रिपोर्ट तयार आहे, चार महिने झाले, आणायला जात नाही.

विचारलं तर म्हणाली, "काका, तुम्हीच म्हणालात ना, अस्तर उसवून कोण बघतं?"

तेव्हापासून फोन उचलत नाही.

मशीनवर बसलो की तेच वाक्य कानात. थकलो आता.

वैशू, हे सगळ्यांसमोर लिहिणं बरं नाही, माहीत आहे. पण इथं तरी तू वाचतेस.

मी खोटं बोललो होतो, पोरी. दुरुस्तीला आलेला कोट आम्ही आधी अस्तराकडूनच उसवतो. वेळेवर कळलं तर कोट टिकतो. डॉक्टरही तेच म्हणाले, आधी कळलं तर हृदय जपता येतं.

परवा हे लिहायला तोंड नव्हतं. मी स्वतःच टेस्ट केली नव्हती.

आज सकाळी रक्त देऊन आलो.

दत्तू, तू सांगितलेलं काम वर्षभर उशिरा केलं. राग धरू नको. शांत झोप.

वैशू, रिपोर्ट काही का असेना, आण आणि लवकर कळव.

बोलावंसं वाटलं नाही तर नुसता मिस्ड कॉल दे.