धुळीविना नऊ दिवस

गोवा राज्य झालं त्या उन्हाळ्याबद्दल कुणी विचारलं की मी भाषेच्या सभांबद्दल बोलतो. कोण काय म्हणालं, कुणी कुणाशी बोलणं टाकलं, सगळं मला पाठ आहे. हवा कशी होती हे कुणी विचारत नाही. मीही ते विसरूनच गेलो होतो.

साखळीजवळ आमचं घर अगदी रस्त्याला लागून होतं. खाणीवरचे ट्रक त्याच रस्त्यानं धक्क्यावर जायचे. पाऊस सरला की तांबडी धूळ उडायला लागे, ती कौलांवर, तुळशीवर, भाताच्या पेजेवरसुद्धा बसे. आईला दमा होता. उन्हाळाभर ती दारं-खिडक्या लावून आतल्या खोलीत पडलेली असायची.

मी मराठी शाळेत मास्तर. कोंकणी राजभाषा झाली तेव्हा आमच्या शाळांचं पुढे काय, या काळजीनं रोज संध्याकाळी कुठे ना कुठे सभा असे. कधी डिचोली, कधी पेडणे. बोलून बोलून घसा बसला होता. मी मराठीसाठी भांडायला निघालो की आई आतून कोंकणीत जेवून जायला सांगायची, "जेवन वच रे." घरी आम्ही कोंकणीच बोलत होतो. यात काही विचित्र आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं.

त्या मे महिन्यात ट्रकवाल्यांनी कसल्याशा मागण्यांसाठी नऊ दिवस ट्रक उभे केले. दुसऱ्या दिवशी धूळ खाली बसली. समुद्राकडून हलका वारा सुटला. पलीकडच्या डोंगरावरची काजूची झाडं एकेक मोजता येतील इतकी स्वच्छ दिसू लागली, म्हणे. 'म्हणे', कारण मला हे बायकोनं नंतर सांगितलं. मी त्याच वाटेनं रोज मोटारसायकलवरून जात होतो.

तिसऱ्या दिवशी आईनं आपल्या हातानं खिडक्या उघडल्या. शेजारणीकडून आमच्या परसातली भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, उतरवून घेतली आणि कित्येक वर्षांनी अंगणात त्यांची सोलं वाळत घातली. धुळीपायी आम्ही ती बाजारातूनच आणायचो.

सातव्या दिवशी दुपारी मी ओसरीतल्या सोप्यावर पाठ टेकली आणि तसाच झोपलो. जागा झालो तेव्हा ऊन उतरलं होतं. पेडण्याची सभा चारची, आणि मी बोलणार होतो.

"उठवलं का नाहीस?" मी आईवर ओरडलो.

"न्हिदिल्लो मरे तूं. बरें दिसलें म्हाका."

झोपलेला पाहून तिला बरं वाटलं होतं. मी आणखी बरंच बोललो. ती खाली बसून सोलं परतत राहिली. माझं बोलून संपल्यावर म्हणाली, "हात धू आनी हांगा बस."

मी बसलो. भांडायलाही त्राण उरलं नव्हतं. भिरंडांच्या रसात साली बुडवायच्या आणि पुन्हा पसरायच्या, एवढंच काम. ती मांद्र्याच्या माहेराबद्दल बोलू लागली. लहानपणी वाळूवरून बहिणीशी शर्यत लावायची, पडली तरी उठून धावायची. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की ती मध्ये एकदाही थांबली नव्हती. खोकली नव्हती. इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं होतं, ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी पेडण्याला गेलो तर कुणी रागावलेलं नव्हतं. "दुसरे कुणी बोलले, मास्तर," एवढंच म्हणाले.

दहाव्या दिवशी पहाटे पहिला ट्रक गेला. मी उठेपर्यंत आईनं सोलं आत घेतली होती आणि खिडक्या लावल्या होत्या. पुढे राज्य झालं, गावात पेढे वाटले. पुढचा उन्हाळा आईनं पाहिला नाही.

आमची शाळा आणखी बरीच वर्षं चालली, मग मुलं कमी होत होत बंद पडली. आमच्या सभांमुळे ती तग धरून राहिली, की चालायची तेवढी चालली, मला सांगता येत नाही. त्या नऊ दिवसांतली एक संध्याकाळ मी घरी होतो. तीही झोप लागली म्हणून.