नोरीनचा टाका

नोरीन पॅस्कोच्या हातचं पोतं एका हिसक्यात उघडायचं. दोऱ्याचं उजवं टोक धरून ओढलं की सगळी शिवण सरसर सुटून यायची. ऑस्ट्रेलियातल्या विमेरा भागातल्या त्या एका रस्त्याच्या गावात, पशुखाद्याच्या गिरणीत, ती एकोणतीस वर्षं पोत्यांची तोंडं शिवत होती. पोत्यावरची चिठ्ठी वाचायची तसदी कोणी घेत नसे. खाली 'एन. पी.' ही तिची आद्याक्षरं छापलेली दिसली की लोकांना पुरे. नोरीनला याचा भारी राग. "अरे, वाचा की! आम्ही लिहितो ते काय शोभेला?" असं ती गिऱ्हाइकांवर खेकसायची. ते हसून पोतं उचलायचे.

घोड्यांच्या खुराकाला हिरवी चिठ्ठी, गुरांच्या औषध घातलेल्या खुराकाला लाल. ते औषध गुरांना मानवतं, पण घोड्याचं काळीज बंद पाडतं. म्हणून गुरांचा घाणा काढला की मिक्सरला चिकटलेलं औषध निघावं यासाठी त्यातून नुसता कोंडा फिरवायचा आणि त्या कोंड्याच्या पोत्यांनाही लाल चिठ्ठी लावायची. हे तिला मालक डेस टलीच्या बापानेच शिकवलं होतं.

त्या शुक्रवारी सकाळी कोपऱ्यातली त्या कोंड्याची सहा पोती दिसेनात.

"डेस, लाल चिठ्ठीचा कोंडा कुठाय?"

"घोड्यांच्या खुराकात गेला." डेसने मान वर केली नाही. "पोनी क्लबला आज चाळीस पोती द्यायचीत. नव्या कोंड्याची गाडी आली नाही. मी काय करू?"

"अरे, पोरांची तट्टं आहेत ती! मरतील ना!"

"सहा पोती चाळिसात मिसळली गं. काही होत नाही. उगाच अभद्र बोलू नकोस."

नोरीन मशीनवर जाऊन बसली आणि चाळीसच्या चाळीस पोत्यांना तिने लाल चिठ्ठ्या शिवल्या.

जेवणानंतर डेसने त्या पाहिल्या. तो ओरडला नाही. "कॉल कसा आहे?" एवढंच त्याने विचारलं.

कॉल तिचा नवरा. याच गिरणीच्या धुळीने त्याची छाती गेली होती. रस्त्यापलीकडच्या घरात तो दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेला असे, आणि ते घर गिरणीचं होतं. गेल्या वर्षी कॉलला धाप लागली तेव्हा डेसच गाडी हाणत त्याला इस्पितळात घेऊन गेला होता. निव्वळ नालायक माणूस असता तर भांडणं तरी सोपं गेलं असतं.

"बरा आहे," नोरीन म्हणाली आणि मशीनवरून उठली. डेसने चाकूने शिवणी उसवून लाल चिठ्ठ्या काढल्या आणि स्वतः मशीनवर बसून हिरव्या चिठ्ठ्या लावून तोंडं पुन्हा शिवली. त्यांवरही 'एन. पी.' छापलेलंच होतं. ती बघत उभी राहिली. आपण नुसत्या उभ्या आहोत याची तिला किळस आली.

चार वाजता पोनी क्लबची आयव्ही केटरिंग ट्रक घेऊन आली. मागच्या ट्रेलरमध्ये एक भुरं तट्टू होतं. त्याला मूठभर चारावं म्हणून तिने एका पोत्याचा दोरा ओढला. तो निघेना.

"काय गं नोरीन, हात गेला वाटतं! म्हातारी झालीस!"

"मशीन बिघडलंय," डेस दारातून म्हणाला.

आयव्हीने खिशातून चाकू काढला. तट्टाने नाक पुढे केलं. पलीकडच्या खिडकीत कॉलची खुर्ची दिसत होती. नोरीन पुढे झाली.

"माझी शिवण नाही ती," ती म्हणाली. "आयव्ही, थांब. चिठ्ठी खोटी आहे. आत गुरांचं औषध आहे. एक दाणा घालू नकोस त्याला."

आयव्हीने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचली. मग चाकू मिटला आणि रिकामा ट्रक घेऊन निघून गेली.

"महिनाअखेर घर रिकामं कर," डेस म्हणाला. तो तिच्याकडे न बघता आत वळला.

नोरीनने घरी येऊन कॉलला सगळं सांगितलं. त्याने नाकावरची नळी जराशी बाजूला केली.

"तट्टं?"

"वाचली."

त्याने तिचा हात धरला.

"बरं केलंस," तो म्हणाला. "पण आपण कुठे जायचं गं?"